चार बोटं माया

कोल्हापुरात कुणाच्या घरी फोन केला आणि ‘मालक रानात गेल्यात’ असं उत्तर आलं, तर कुणी दचकत नाही. रान म्हणजे शेत. उसाला पाणी पाजायला गेला असेल, जेवायच्या वेळेला येईल. मी मात्र उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यावर ‘आता रानात जाऊन राहणार’ म्हटलं, तेव्हा चौघांचेही कप हातातच राहिले. एकानं विचारलं, “गगनगडावर जाऊन महाराज हुतोस काय?” दुसरा म्हणाला, “वैनीनं हाकलला वाटतं.”

दोन्ही नव्हतं. माझं वय बासष्ट झालं होतं आणि माझं दुकान ज्या कामावर चालायचं, ते काम आता कॉम्प्युटर आणि सीएनसी मशीन माझ्यापेक्षा लवकर करत होतं. मी पॅटर्नमेकर. इथं हे समजावून सांगावं लागत नाही, बाहेर लागतं. ओतकाम करायचं तर वाळूत साचा पाडावा लागतो, आणि साचा पाडायला त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती आधी हवी. ती म्हणजे पॅटर्न. शेतीपंपाला लागणारी ऑइल इंजिनं या गावात बनू लागली, त्यांच्या मागोमाग फाउंड्र्या वाढल्या आणि फाउंड्रीला चिकटून आमच्यासारख्यांची दुकानं. मी सागवानातून पंपाची केसिंगं कोरली, पुल्या कोरल्या, गिअरबॉक्सच्या पेट्या केल्या. त्यातली एकही वस्तू माझी नव्हे. पॅटर्न वाळूत जातो, वाळूतून निघतो आणि मांडणीवर धूळ खात पडतो. पाणी उपसायला जातं ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड.

या धंद्यात एक खोटी पट्टी असते. बिडाचा रस १३५० ते १४०० अंशांच्या आसपास ओततात. तो निवताना साधारण एक टक्का आकसतो. पितळ त्याहून जास्त, पोलाद तर दोन टक्के. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. प्रत्येक मापाचा हिशोब करत बसायला वेळ कुणाला, म्हणून पट्टीवरचे आकडेच ताणून कोरलेले असतात. तिला कॉन्ट्रॅक्शन स्केल म्हणतात. बिडाच्या पट्टीवरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा इंचाचा आठवा हिस्सा लांब असतो. नव्या पोराला पहिल्याच दिवशी बजावायचं, ही पट्टी घरी न्यायची नाही, हिच्यावर कपाट-बिपाट करायचं नाही. चाळीस वर्षं मी हे पोरांना सांगत आलो.

घरात दुसरंच माप चालायचं. ही मंगळवार पेठेत ब्लाउज शिवते. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखतात त्याला माया म्हणतात. बाई अंगानं भरली की शिवण उसवायची, मायेतलं कापड बाहेर घ्यायचं, ब्लाउज पुन्हा अंगाला बसतो. “माया सोडली न्हाई तर ब्लाउज एका दिवाळीचा,” हे तिचं वाक्य मी हजारदा ऐकलंय. आणि माझी आजी म्हणायची, म्हातारपणी माया सोडावी आणि रानात जाऊन बसावं. ती स्वतः कुठं गेली नाही. शेवटपर्यंत दुधाच्या हिशोबावरून सुनांशी भांडत होती.

वडिलांच्या वाटणीची अठरा गुंठे वरकस जमीन गगनबावडा तालुक्यात होती. भात पिकेल अशी नव्हे. जांभ्याचा कातळ, मध्ये मध्ये लाल माती, एका कडेला ओढा आणि ओढ्यापलीकडं वन खात्याची हद्द. हे आधीच सांगतो, कारण ‘जंगलात घर’ म्हटलं की लोकांना वाटतं कुणीही जाऊन कुठंही खांब रोवावेत. जंगलात घर बांधता येत नाही. जंगलाच्या शेजारी, आपल्या सातबाऱ्यावर बांधता येतं. आणि आपल्या सातबाऱ्यावरचा फणस किंवा जांभूळसुद्धा मनाला येईल तसा तोडता येत नाही, १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यानं परवानगी लागते. मला हे बरंच वाटलं. हातात करवत असलेल्या माणसाला कुणीतरी थांबवलेलं बरं.

रंकाळा स्टँडवरून एसटी निघाली की फुलेवाडी, बालिंग्याचा पूल, मग दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस, हंगामात गुऱ्हाळांचा धूर, कळे, मांडुकली, असळज. पंचावन्न किलोमीटरचा रस्ता. या पंचावन्न किलोमीटरांत पाऊस पाचपट होतो. शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, गगनबावड्यात पाच हजारांच्या वर. हा आकडा मी शाळेपासून ऐकत आलोय. पाठ असणं वेगळं आणि अंगावर घेणं वेगळं, पण त्याकडं येतोच.

घर बारा फूट बाय सोळा फूट. जोतं आणि गुडघाभर भिंत जांभ्या चिऱ्याची. वर कारवीचा कूड, दोन्ही अंगांनी शेणमातीचा गिलावा. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि फुलून झाली की मरते. तिच्या त्या वाळलेल्या काठ्या कुडाला उत्तम. आमच्या बांधावरची कारवी नेमकी दोन वर्षांपूर्वी फुलून गेलेली, माझं नशीब. दोन मुख्य खांब जुन्या सागाचे, शहरात पाडलेल्या एका वाड्याचे. त्यांवर अजून कुणाच्या तरी पाळण्याच्या कड्या आहेत, त्या मी काढल्या नाहीत. वासे बांबूचे. ते कापायचे ते अंधाऱ्या पंधरवड्यात आणि पानगळीनंतर, आणि कापल्यावर पंधरा-वीस दिवस ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दाबून ठेवायचे. त्यातली साखर धुऊन निघाली की भुंगा लागत नाही. चंद्राचं मला माहीत नाही, साखरेचं पटलं.

वासे एकूण बावीस. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात, मी बांधल्या घरचे रोज मोजायचो.

कौलं घेतली तात्यांकडून. तात्या माझे शेजारी, म्हणजे मधे एक ओढा आणि दोन खाचरं. त्यांना घरकुल मंजूर झालेलं. आजोबांच्या वेळचं घर, असलंच कुडाचं आणि कौलाचं, पाडून ते स्लॅबचं बांधत होते. उतरवलेली मंगलोरी कौलं अंगणात रचलेली. मी ती विकत मागितली तेव्हा तात्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं.

“मेस्त्री, एक इचारू? राग मानू नगा.”

“इचारा की.”

“तुमच्याकडं पैसं हाईत, शेरात घर हाय. मग आमी टाकलेल्या घरात ऱ्हायाला कशापायी येतायसा?”

मला उत्तर सुचलं नाही. शांतता, साधेपणा, स्वतःच्या हातानं काहीतरी पुरं करणं, असलं बरंच मी चहाच्या गाड्यावर बोललो होतो. तात्यांच्या अर्धवट स्लॅबखाली उभं राहून त्यातला एक शब्द तोंडातून फुटेना. तात्यांच्या आईनं असल्या घरात चाळीस पावसाळे चुलीपुढं ओली लाकडं फुंकली. दर वैशाखात शाकारणी, दर दिवाळीला गिलावा, आणि सारवणाला तर सुट्टीच नाही. मी ज्याला साधं राहणं म्हणत होतो त्यातून सुटण्यासाठी त्यांनी किती वर्षं अर्ज केले असतील. मी म्हटलं, “हौस हो.” ते हसले. “हौसंला मोल न्हाई,” म्हणाले आणि कौलं निम्म्या भावात दिली.

छपराचा उतार ठरवताना मात्र मी त्यांचं ऐकलं नाही. बारा फुटांच्या गाळ्याला आढं तीन फूट वर घेतलं. तात्या म्हणाले, “चारच्या वर जाऊ द्या, हितला पाऊस वरनं पडत न्हाई.” वरून पडत नाही म्हणजे काय, हे विचारायला हवं होतं. मी मनात म्हटलं, सुतासुताच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्श्याच्या मापात आयुष्य गेलेल्या माणसाला हे काय माप सांगणार.

आता दाराची गोष्ट. वादळात तात्यांच्या बांधावरचा एक फणस उन्मळून पडला होता, त्याच्या फळ्या चिरून आणल्या. फणसाचं लाकूड काय पिवळं देखणं असतं! मला राहवलं नाही. लाकूड ओलं होतं, निदान वर्षभर सावलीत सुकवायला हवं होतं. पॅटर्नसाठी असलं लाकूड कुणी आणलं असतं तर मी त्याला दुकानातून घालवलं असतं. पण दार माझं होतं आणि मला ते मेच्या आत लावायचं होतं. चौकट टेपनं मोजून केली, चोख बसली. मग दार रंधून, जोडून उभं केलं तर चौकटीत जाईना. उंचीला पाऊण इंच जास्त, रुंदीलाही थोडं. पुन्हा मोजलं. बरोबर होतं. पुन्हा लावलं. जाईना. खाली बसलो, पाणी प्यालो आणि हातातल्या पट्टीकडं बघितलं. पिशवीत चुकून आलेली, चाळीस वर्षांच्या हातवळणानं उचललेली, बिडाची पट्टी. अठ्ठ्याहत्तर इंचांचा एक टक्का म्हणजे पाऊण इंच. मी माझ्या घराला निवून आकसणारं दार केलं होतं.

कुणी बघितलं नव्हतं, म्हणून इथं लिहितोय. रंधा मारून मारून ते चौकटीत घट्ट बसवलं, इतकं की झाकल्यावर कागदही आत सरकू नये. फार समाधान वाटलं. हिला फोन करून सांगितलं, कागद जात नाही. ती म्हणाली, “कागद कशाला घालायचाय दारात?”

मृग लागला, आर्द्रा लागल्या आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तात्यांचं वाक्य कळलं. तिथला पाऊस वरून पडत नाही, घाटाखालून येतो. कोकणातून चढणारा वारा पाऊस आडवा उचलून आणतो, आणि आडवा आलेला पाऊस उतार कमी असला की कौलाच्या जोडातून उलटा वर चढतो. खालच्या कौलावरून वरच्या कौलाखाली. रात्री दोन वाजता मी पातेलं, परात, तांब्या, हेल्मेट असं घरातलं होतं नव्हतं ते भांडं गळतीखाली लावून चुलीजवळ बसलो होतो. चूलही विझलेली. पहाटे बाहेर बघावं म्हणून दाराला हात घातला तर दार हलेना.

लाकूड उंचीला फुगत नाही, रुंदीला फुगतं. शिरा ज्या दिशेनं जातात तिकडं ते जवळजवळ स्थिर असतं, आडवं मात्र पाणी पिऊन पसरतं. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पॅटर्नवर लाखेचं पॉलिश आम्ही याच कारणानं मारायचो. तीस इंच रुंदीचं ओलं फणसाचं दार, पाच दिवस आडवा पाऊस. पाचर ठोकावी तसं ते चौकटीत बसलं होतं. बीड एकदा आकसतं आणि मग जन्मभर गप्प राहतं. लाकडाचं तसं नसतं, त्याचा श्वास चालूच. बासष्टाव्या वर्षी मी माझ्याच घराच्या खिडकीतून, आधी पाय मग बाकीचं, असा चिखलात उतरलो.

तात्यांच्या स्लॅबखाली चार रात्री काढल्या. मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलेलं, एसटी बंद, रेंज नाही. तात्यांच्या मंडळींनी, त्यांना मी वैनी म्हणतो, नाचणीची भाकरी आणि खेकड्याचा रस्सा केला. घर कोरडं ठणठणीत. सिमेंटचा वास अजून होता आणि बोललं की आवाज घुमायचा, पण अंगावर थेंब नाही. तात्या एकदाही ‘मी म्हणत हुतो’ असं म्हणाले नाहीत. ते जरा जास्तच लागलं.

तिथं बसून मला शहर आठवत होतं, पण मला वाटलं होतं तसं नव्हे. कोल्हापुरात पाऊस वाढला की जो तो विचारतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटावर आलं? एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ. २०१९ आणि २०२१ ला ते आकडे कितीतरी मागं पडले. आता माझ्या ओढ्याचं लाल पाणी धडधडत जाताना बघत होतो. हे कुंभीला जाणार, कुंभी भोगावतीला, प्रयाग चिखलीला कासारी भेटणार आणि पंचगंगा होऊन हेच पाणी आमच्या घाटावर दीपमाळांना वेढा घालणार. ही तिथं बसून फूट मोजत असणार. मी दूर कुठं गेलो नव्हतो. त्याच पाण्याच्या वरच्या टोकाला येऊन बसलो होतो, इतकंच.

पाचव्या दिवशी रेंज आली. दाराचं सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, जरा माया ठिवली न्हवती व्हय?”

दसरा झाल्यावर छप्पर उतरवलं. आढं दीड फूट वर घेतलं. हे एकट्यादुकट्याचं काम नाही. तात्या, त्यांचे दोन पुतणे आणि धनगरवाड्यावरचे तिघं असे सहा जण दोन दिवस आले. मी मजुरी काढून ठेवली होती, ती कुणी घेतली नाही. पैरा आहे म्हणाले. आज आम्ही तुमच्याकडं, उद्या तुम्ही आमच्याकडं. ‘स्वतः बांधलेलं घर’ हे त्या दिवसापासून मी म्हणायचं सोडलं. पुढच्या जुलैत मी रोप लावणीला त्यांच्या खाचरात उतरलो. पहिल्या दिवशी माझ्या ओळी बघून वैनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बांधावर बसवलं आणि इळे-खुरप्यांच्या मुठी बसवायला दिल्या. पैरा असाही फिटतो.

दार मी पुन्हा रंधलं. या वेळी दोन्ही बाजूंना बोटभर फट. पावसाळ्यात ते सुरेख बसलं. मार्चमध्ये मात्र फट वाढली आणि एका संध्याकाळी तीतून विंचू आत आला. शांतपणे, आपलंच घर असल्यासारखा. तेव्हापासून उन्हाळ्यात फटीला गोणपाट लावतो, पावसाळ्यात काढतो. सागाचं चांगलं सुकं दार करता येईल. करवत नाही.

दिवस कसे जातात, असं पोरगा पुण्याहून विचारतो. जातात. ओढ्यावरून पन्हळीनं पाणी आणलंय, त्यात पान अडकलं की काढायचं. धूर वाशांना चांगला म्हणून चूल दोनदा पेटवायची. सकाळी उंबरावर धनेश येतात, उडताना त्यांच्या पंखांचा आवाज जुन्या भात्यासारखा येतो. मे संपता संपता ओढ्याकाठची झाडं काजव्यांनी भरतात. गव्यांचा मात्र मला पुळका नाही. थंडीत एकदा रात्री बाहेर आलो तर तीन गवे चाळीस फुटांवर उभे, काळे ढिम्म, फक्त पायांचे पांढरे मोजे दिसत होते. मी जागच्या जागी थिजलो. ते निघून गेले, ओढा ओलांडून तात्यांच्या भातात. शहरातल्या मित्रांना हा किस्सा फार आवडतो. तात्यांच्या घरी सांगितला तेव्हा तात्या उठले आणि बॅटरी घेऊन बाहेर गेले. नुकसानभरपाई मिळते, पण ऐन लोंबीच्या वेळी माळ्यावर जागलेल्या रात्रींची मिळत नाही.

मी बारा महिने इथं राहत नाही, हेही सांगून टाकतो. दिवाळीपासून मृगापर्यंत राहतो, मध्ये रोप लावणीला आठ दिवस येतो. बाकी पावसाळा मंगळवार पेठेत. हिचे गुडघे दुखतात आणि तिची गिऱ्हाइकं तिथं आहेत. याला वानप्रस्थ म्हणायचं झालं तर तो एसटीच्या वेळापत्रकावर चालतो.

यंदा संक्रांतीनंतर ती पंधरा दिवस राहायला आली. येताना खिडकीसाठी जाड कापड आणलं होतं, ज्या खिडकीतून मी उतरलो होतो तिच्यासाठी. माप मी फोनवर दिलं होतं. “कुठल्या पट्टीनं?” तिनं पहिल्यांदा हेच विचारलं होतं. पडदा लावून बघितला तर खिडकीच्या खाली चांगलाच लोंबत होता. मी म्हटलं, माप चुकलं. ती म्हणाली, माप बरोबर आहे, चार बोटं माया सोडलीय. हितल्या पाण्यात कापड किती आटतंय कुणाला ठाऊक. मग दारात उजेडाला बसून तिनं खालची कड आत दुमडली आणि लांब लांब धावदोरा घातला. मी म्हटलं, आता पक्की शीव की.

“एक पावसाळा जाऊ दे,” ती म्हणाली आणि दातानं दोरा तोडला.